आपला अर्ज विचाराधीन आहे

केंद्र सरकारच्या नोकरीत महाराष्ट्राबाहेर बदली झाली की पहिले काही महिने मराठी कानावर पडत नाही, याची सवय करून घ्यावी लागते. तंजावर त्याला अपवाद निघाले. येथे आल्यावर आठवडाभरातच शेजारच्या घरातून एका वृद्ध स्त्रीने मला मराठीत हाक मारली. ती मराठी माझ्या सातारी कानाला प्रथम तमिळच वाटली. व्यंकोजी राजांनी १६७५-७६च्या सुमारास येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यांच्यामागून आलेल्या कुटुंबांनी साडेतीन शतके ही भाषा घरात सांभाळली आहे. बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी आणि स्वयंपाकघरात मराठी अशी त्यांची वाटणी आहे.

हे शेजारी म्हणजे राव पतिपत्नी. मला हाक मारली ती त्यांच्याकडे आलेल्या एका आत्याबाईंनी. राव सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, वय साठीच्या घरात. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली मामी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. एकुलता एक मुलगा चेन्नईला नोकरी करतो. रावांची थोरली बहीण १९८०च्या दशकात लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि यथावकाश अमेरिकेची नागरिक झाली. तिला घरात अक्का म्हणतात. अक्का आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मुले दूरच्या राज्यांत आहेत.

२०२५च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी राव हातात कागदांची जुनी फाइल घेऊन आले. (त्यांचे बोलणे मी येथे आपल्या वळणाच्या मराठीत लिहितो आहे.) म्हणाले, "साहेब, तुम्हाला सरकारी इंग्रजी वाचायची सवय आहे. या पत्रात आम्ही तिघे आहोत की दोघे, एवढेच बघून सांगा."

मी पत्र वाचले. मग फाइल पहिल्या पानापासून वाचली. कारकुनी सवयीने टाचणे काढायला कागद घेतला आणि रात्री साडेदहापर्यंत तो प्रश्न सुटला नाही. सुटला तेव्हा उत्तर सांगण्याचे धैर्य होईना. प्रशासनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे का जमू नये, हा या लेखाचा विषय आहे. परदेशस्थ वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात अशीच एखादी फाइल असेल, म्हणून तपशील सविस्तर देतो.

अक्कांनी २००६च्या प्रारंभी आपल्या भावासाठी अमेरिकी सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जाला आय-१३० म्हणतात. तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या आणि दोन्ही लेकरे एका अंगणात असावीत ही त्यांचीच इच्छा होती. अमेरिकेच्या कायद्यात कुटुंबाचे दोन भाग आहेत. नागरिकाचा पती वा पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील हे निकटचे नातलग. त्यांना संख्येची मर्यादा नाही. बाकीचे सारे 'प्राधान्य' गटांत मोडतात. अविवाहित प्रौढ मुले पहिल्या गटात, कायम रहिवाशांचे पती, पत्नी व अविवाहित मुले दुसऱ्यात, नागरिकांची विवाहित मुले तिसऱ्यात आणि भावंडे चौथ्यात. चौथ्या गटाला साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत. त्या ६५,०००मध्ये भावाची पत्नी आणि मुलेही मोजली जातात, म्हणजे एका भावाचे कुटुंब सहज चार जागा घेते. 'प्राधान्य' हा शब्द येथे किती उलट्या अर्थाने वापरला आहे, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको.

यावर आणखी एक कुंपण आहे. कुटुंब आणि नोकरी या दोन्हींच्या मर्यादित व्हिसांपैकी कोणत्याही एका देशाला एका वर्षात सात टक्क्यांहून अधिक मिळू शकत नाहीत. देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, जन्माचा. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. कागदावर ही परिपूर्ण समता आहे. फरक एवढाच की एका बाजूला चार लाखांहून कमी माणसे आहेत आणि दुसऱ्या बाजूला एकशेचाळीस कोटी.

अर्ज ज्या दिवशी पोहोचतो तो 'प्राधान्य दिनांक'. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला एक पत्रक काढते आणि कोणत्या देशाच्या, कोणत्या गटाच्या, कोणत्या दिनांकापर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगते. २००६ साली रावांनी ते पत्रक पाहिले होते. तेव्हा साधारण अकरा वर्षांपूर्वीच्या अर्जांची पाळी चालू होती. बँकेतल्या माणसाने सरळ वजाबाकी केली. अकरा वर्षे, म्हणजे २०१७. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा असेल, तेथे कॉलेजला जाईल. ही वजाबाकी त्यांनी फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ही चूक लगेच दिसली आणि ती किती स्वाभाविक आहे हेही दिसले. पत्रकातली तारीख रांगेच्या तोंडाशी उभा असलेला माणूस किती काळ थांबला हे सांगते. आज शेपटाला उभा राहणारा किती थांबेल हे ती सांगत नाही. त्यासाठी मध्ये किती माणसे उभी आहेत आणि वर्षाला किती सुटतात हे ठाऊक असावे लागते. भावंडांच्या गटात २०२३च्या सरकारी गणनेत वीस लाखांहून अधिक माणसे प्रतीक्षेत होती. वीस लाखांना ६५,०००ने भागले की तीस वर्षे येतात, आणि भारतासारख्या देशाला त्यावर सात टक्क्यांचे कुंपण. अक्कांच्या अर्जाची पाळी अकरा वर्षांनी आली नाही. ती २०२४च्या उत्तरार्धात, साडेअठरा वर्षांनी आली.

आता मुलाचे गणित. भावाच्या मुलाला बापाबरोबर जाता येते, पण तो कायद्याच्या दृष्टीने 'मूल' असेल तर. म्हणजे एकवीस वर्षांखालचा आणि अविवाहित. रांगेत उभे असता मुले मोठी होतात याची जाणीव तेथील संसदेला झाली आणि २००२ साली एक दुरुस्ती झाली. तिचे सूत्र असे : पाळी आली त्या दिवशीच्या वयातून, अर्ज सरकारी कार्यालयात मंजुरीविना जितका काळ पडून राहिला तितका काळ वजा करावा. रांगेत घालवलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. रावांचा मुलगा पाळी आली तेव्हा साडेचोवीस वर्षांचा होता. अर्ज २००९ साली मंजूर झाला होता, म्हणजे कार्यालयात तीन वर्षे चार महिने होता. साडेचोवीसमधून तीन वर्षे चार महिने गेले की उरतात एकवीस वर्षे दोन महिने.

मी ही वजाबाकी चार वेळा केली. दोन महिने काही हलेनात.

वाचकांनी या सूत्रातला विलक्षण विरोधाभास लक्षात घ्यावा. त्या कार्यालयातल्या कोण्या कर्मचाऱ्याने २००९ साली ही फाइल आणखी तीन महिने टेबलावर तशीच ठेवली असती, तर मुलगा आज 'मूल' ठरला असता. त्याने काम वेळेवर केले म्हणून मुलगा सुटला. दिरंगाई हे प्रशासनाचे पाप आहे असे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून शिकवतात. येथे दिरंगाईच दयाळू ठरली असती. नियमच असा बेतला असेल तर चांगले काम करणारा माणूसही त्यातून हानीच पोहोचवतो, हे मी इतक्या स्वच्छ रूपात पूर्वी पाहिले नव्हते.

दुसरी वाट आहे काय? आहे. राव आणि मामी तेथे जाऊन कायम रहिवासी झाले की ते मुलासाठी स्वतंत्र अर्ज करू शकतात. तो गट कायम रहिवाशांच्या प्रौढ अविवाहित मुलांचा. तेथेही भारतीयांसाठी आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या अर्जांची पाळी चालू आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे ती वजाबाकी भरवशाची नाही. शिवाय अट अशी की तोवर मुलाने लग्न करता कामा नये. कायम रहिवाशाच्या विवाहित मुलासाठी कायद्यात गटच नाही. लग्न झाले की अर्ज संपला. म्हणजे पस्तिशीच्या उंबरठ्यापर्यंत ब्रह्मचर्य, ते आईबापांच्या अर्जासाठी. मामींच्या कपाटात मुलाच्या पत्रिकेच्या प्रती तयार आहेत हे मला ठाऊक होते.

आणखी दोन कलमे राहिली. अर्ज करणारी व्यक्ती मधल्या काळात मरण पावली तर मंजूर झालेला अर्जही सामान्यतः आपोआप रद्द होतो; तो पुन्हा जिवंत करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणून या सगळ्या वर्षांत अक्कांची प्रकृती हा घरातला काळजीचा विषय होता, आणि त्या काळजीत थोडा हिशेबही मिसळत असे, असे राव स्वतःच खाली मान घालून म्हणाले. दुसरे असे की, ज्याच्या नावाने स्थलांतराचा अर्ज पडलेला आहे त्याला साधा पर्यटक व्हिसा मिळणे अवघड होते. अर्जात तो प्रश्न विचारलेलाच असतो आणि होय म्हटले की हा माणूस परत येणार नाही असा संशय धरला जातो. रावांना दोनदा नकार मिळाला. यजमान वारले तेव्हा बहिणीजवळ बसायला ते जाऊ शकले नाहीत. बहीणभावाला एकत्र आणण्यासाठी केलेल्या अर्जाने त्यांची भेट रोखून धरली.

हे नियम क्रूर हेतूने केले गेले होते काय? इतिहास तसे सांगत नाही. १९६५पर्यंत अमेरिकेत राष्ट्रवार कोटे होते. १९४६च्या कायद्याने भारताला वर्षाला शंभर जागा मिळाल्या होत्या आणि तीही मोठी मजल मानली गेली. १९६५ साली फिलिप हार्ट आणि इमॅन्युएल सेलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ते कोटे मोडले आणि कुटुंबाला अग्रक्रम दिला. त्यामागे मायकेल फीगन यांच्यासारख्या काही सदस्यांचा हिशेब असा होता की, तेथे आधीच असलेले लोक बहुतांश युरोपीय आहेत. तेच आपले नातलग आणतील आणि देशाचा चेहरा आहे तसा राहील. घडले उलटे. युरोपला यायची घाई नव्हती. डॉक्टर, इंजिनियर म्हणून गेलेल्या आशियाई लोकांनी मात्र कायदा नीट वाचला आणि भावंडांसाठी अर्ज केले. पुढे १९९५ साली बार्बरा जॉर्डन यांच्या आयोगाने भावंडांचा गट बंद करण्याची शिफारस केली. २०१३ साली तशी तरतूद असलेले विधेयक सिनेटमध्ये संमतही झाले, पण दुसऱ्या सभागृहात ते चर्चेला आले नाही. गट बंद झाला नाही आणि जागाही वाढल्या नाहीत. दोन्ही निर्णयांना राजकीय किंमत होती. रांग वाढू देण्याला काहीच किंमत नव्हती, कारण रांगेत उभ्या असलेल्यांना तेथे मत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रावांना तोंड देण्याचे टाळण्यासाठी म्हणा, मी बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. तेथे भिंतीवर १८०३ साली सरफोजी राजांनी कोरवून घेतलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. महाराष्ट्रातून येणारे पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढतात. मी त्या दिवशी तो एका वेगळ्या नजरेने पाहिला. ज्या राजाने आपली वंशावळ इतक्या कष्टाने दगडात लिहवून घेतली, त्याचे स्वतःचे नातेच अकरा वर्षे 'विचाराधीन' होते.

तुळजाजी राजांनी १७८७ साली सरफोजींना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते वारले. सावत्र भाऊ अमरसिंग यांनी दत्तकाला हरकत घेतली. एकुलता एक मुलगा दत्तक देता येतो काय, वय जास्त झाले होते काय, असे प्रश्न निघाले. कंपनी सरकारने पंडितांचे मत घेतले आणि दत्तविधान अवैध ठरवून अमरसिंगांना गादी दिली. पुढे वारे फिरले, पुन्हा पंडितांचे मत घेतले गेले, या वेळी दत्तविधान वैध ठरले आणि १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. मधली वर्षे त्यांनी श्वार्त्झ या मिशनऱ्याच्या पालकत्वाखाली, पुढे मद्रासला राहून काढली. शास्त्र तेच, मुलगा तोच; सरकारची सोय बदलली. १७९९ साली त्याच सरफोजींनी राज्याचा कारभार तहाने कंपनीच्या हाती दिला.

पुढची पिढी त्याहून कठीण. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ साली पुत्राविना वारले. राण्या होत्या, मुली होत्या. कंपनी सरकारने मुलगी वारस ठरत नाही असे म्हणून गादी खालसा केली आणि खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला : ही राज्यसत्तेची कृती आहे, तिच्यात न्यायालयाला हात घालता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. १८६२ साली सरकारने आपणहून ती मालमत्ता राण्यांना परत केली, ती मेहरबानी म्हणून. हक्क म्हणून नव्हे.

या गावाने हे दोनदा पाहिले आहे. नाते रक्ताने किंवा विधीने जुळते, पण ते नाते आहे की नाही हे कागदावर सरकार ठरवते. दत्तक मुलगा हा मुलगा आहे काय? मुलगी वारस आहे काय? एकवीस वर्षे दोन महिन्यांचा मुलगा मूल आहे काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे घरातल्या माणसांना ठाऊक असतात. त्यांना कोणी विचारत नाही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही शिकलो होतो की वस्तू कमी आणि मागणारे जास्त असले तर वाटपाचे तीनच मार्ग : किंमत, चिठ्ठी किंवा रांग. कुटुंबाच्या बाबतीत देशोदेशींच्या सरकारांनी हे तिन्ही करून पाहिले आहेत. ऑस्ट्रेलियात आईवडिलांना आणण्यासाठी माणशी चाळीस हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर भरण्याचा एक मार्ग आहे. न भरणाऱ्यांसाठी सुमारे तीस वर्षांची रांग आहे. साठीतल्या आईने नव्वदीपर्यंत थांबावे असा त्याचा सरळ अर्थ. पैसे भरणाऱ्यांची रांगही आता दहा वर्षांपलीकडे गेली आहे. २०२३ साली तेथील सरकारनेच नेमलेल्या समितीने या व्यवस्थेला क्रूर म्हटले. कॅनडाने २०११ साली आईवडिलांचे नवे अर्ज घेणे थांबवले, कारण दीड लाखाहून अधिक माणसांची थकबाकी साचली होती. २०१७ साली तेथे चिठ्ठी आली. २०१९ साली 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' करून पाहिले, तर सगळ्या जागा काही मिनिटांत संपल्या आणि पुन्हा चिठ्ठीवर यावे लागले.

यांपैकी रांग आपल्याला सर्वांत न्याय्य वाटते. तीत पैसेवाला पुढे घुसत नाही, नशिबाचा भाग नाही. परंतु रांगेतही किंमत मोजावीच लागते; ती वयाच्या नाण्यात मोजतात, आणि हे नाणे सरकारी तिजोरीत जमा होत नाही, कोणाच्याच खिशात जात नाही. ते नुसते जळते. किमतीला माणूस 'परवडत नाही' म्हणून परत फिरतो. चिठ्ठीत 'लागली नाही' म्हणून दुसरी वाट धरतो. रांगेतला माणूस मात्र उभाच राहतो, कारण तेथे त्याला कोणी नाही म्हटलेले नसते.

हे सारे दुसऱ्या देशाच्या सरकारविषयी लिहिणे सोपे आहे. पण रावांच्या फाइलमधले एक वाक्य वाचून मी थांबलो होतो. तेथील कार्यालयाने मध्यंतरी पाठवलेल्या उत्तराचा मतितार्थ होता : आपला अर्ज विचाराधीन आहे, पाळी आल्यावर कळवू. हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा सही करून पाठवले आहे.

केंद्र सरकारच्या सेवेत असता कर्मचारी वारला तर त्याच्या कुटुंबातील एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी देण्याची योजना आहे. तिथेही कुटुंबाची व्याख्या आहे : पती वा पत्नी, मुलगा, मुलगी, कर्मचारी अविवाहित असेल तर भाऊ वा बहीण. विवाहित मुलाचा विचार होऊ शकतो हे स्पष्ट व्हायला २०१५ साल उजाडले. तिथेही कुंपण आहे : थेट भरतीच्या रिक्त जागांच्या पाच टक्के. आणि २००३ ते २०१२ या काळात कालमर्यादा होती : तीन वर्षांत जागा मिळाली नाही तर प्रकरण कायमचे बंद.

त्या काळात मी महाराष्ट्रातील एका कार्यालयात अशा प्रकरणांच्या समितीवर होतो. एका शिपायाचे निधन झाले होते. त्याची विधवा दर महिन्याला एस.टी.ने येई, मुलाच्या अर्जाचे काय झाले विचारी. आमच्याकडे वर्षाला थेट भरतीच्या जागा पंधरा-वीस. पाच टक्के म्हणजे एक. अर्जदार चौदा. गुणानुक्रमात तिचा मुलगा नववा. पहिल्याच वर्षी मला दिसत होते की तीन वर्षांत हा नंबर लागणे अंकगणितात बसत नाही. पण मी तिला ते सांगितले नाही. नियमात सांगा असे कोठे लिहिलेले नव्हते, सांगू नका असेही नव्हते. मी म्हणे, "बाई, अर्ज विचाराधीन आहे." ते खरेच होते. खोटे त्यात एक अक्षर नव्हते.

तीन वर्षे झाली, प्रकरण बंद झाल्याचे पत्र गेले. ती एकदा शेवटची आली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, हे पयल्या वर्साला सांगितलं असतं तर पोरगा साखर कारखान्यावर लागत हुता. नोकरी सोडून साहेबांच्या कागदाची वाट बघत बसला." मी तिला चहा मागवला. दुसरे काय करणार?

माझ्या हातून नियमाचा भंग झाला नव्हता. कोणत्याही तपासणीत ती फाइल निर्दोष ठरली असती. आज मात्र मला स्वच्छ दिसते की नकार देण्याचे काम मी अप्रिय म्हणून टाळले आणि ते काळावर सोपवले. सरकारे मोठ्या प्रमाणावर हेच करतात. नाही म्हटले तर आरडाओरडा होतो, प्रश्न विचारले जातात. थांबा म्हटले की माणूस आभार मानून जातो. रांगेची लांबी मर्यादित जागांमुळे वाढते हे मान्य, आणि सगळ्यांना होय म्हणणे कोणत्याही देशाला शक्य नसते हेही मान्य. परंतु रांगेची खरी लांबी उभ्या राहणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगणे कोणालाही शक्य असते. त्याला एक पैसा लागत नाही. ती माहिती सरकारजवळ असते आणि माणसाजवळ नसते. तो आपल्या आयुष्याचे निर्णय त्या माहितीशिवाय घेतो. २००६ साली 'तुमच्या गटाला वीस वर्षे लागण्याचा संभव आहे, तुमचे मूल बहुधा येऊ शकणार नाही' अशी एक ओळ पावतीवर असती, तर रावांनी अर्ज केला असता की नाही हे मी सांगू शकत नाही. पण फाइलच्या आत ती पेन्सिलीची वजाबाकी नसती.

रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मामींनी डवरा-टंबलरमधून कॉफी आणली. मी कोरा कागद पुढे ओढला आणि सगळे गणित मांडले : मुलाचे वय, वजाबाकी, दोन महिने, पुढच्या अर्जाची वर्षे, लग्नाची अट. अक्का निवृत्त असल्याने आर्थिक हमीसाठी दुसरा जामीनदार लागेल हेही लिहिले. शेवटी लिहिले : दोघे, तिघे नव्हे.

राव बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन महिने. बँकेत आम्ही व्याजसुद्धा दोन महिन्यांचं सोडून देत होतो."

मामींनी एकच प्रश्न विचारला. "एकोणीस वर्षांत कोणी हे असं लिहून का दिलं नाही?"

मला त्या शिपायाच्या विधवेचा चेहरा आठवला. मी मामींना ती हकीकत सांगितली. माझ्याविषयी त्यांचे मत काय झाले असेल ते असो. सांगायला हवीच होती.

निर्णय घ्यायला त्यांनी तीन आठवडे घेतले. मुलगा चेन्नईहून आला, तुम्ही जा, माझी काळजी करू नका म्हणाला. अक्का फोनवर रडल्या. एकटीने राहण्याचा त्यांना कंटाळा आला होता, आणि त्यांचेही काही चुकत नव्हते. शेवटी रावांनी न जाण्याचे ठरवले. नियमाप्रमाणे वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर नोंद रद्द होण्याच्या मार्गाला लागते. नकाराचे पत्र पाठवण्याची गरज नसते. मी त्यांना तसे सांगितले. रावांनी मान हलवली. "नाही साहेब, पत्र पाठवायचं. आमच्यामागे कोणी उभा असेल. त्याला कळायला नको, की एक माणूस रांगेतून बाजूला झाला?"

त्यांच्यामागचा माणूस एका पत्राने फार पुढे सरकत नाही, हे गणित मला येत होते. ते मी त्या दिवशी मांडले नाही. इंग्रजी मसुदा लिहून दिला. रावांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवला, सही केली आणि पोचपावतीसह पाठवला. अक्कांना मात्र त्यांनी स्वतः मराठीत लिहिले. तेवढे पत्र त्यांनी मला दाखवले नाही.

अक्का येत्या थंडीत सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांच्याकडे भारतीय मूळ असलेल्यांचे ओसीआय कार्ड आहे. त्यांना येथे यायला रांग नाही. राव सध्या माडीवरची खोली रंगवून घेत आहेत आणि जिन्याला कठडा बसवून घेत आहेत, कारण अक्कांचे गुडघे दुखतात.

माझ्या टेबलावर आजही रोज पाचपन्नास अर्ज येतात. मार्चपासून मी कार्यालयात एक साधा बदल केला आहे. 'विचाराधीन' असे उत्तर जाताना त्याखाली एक ओळ हाताने लिहायची : यापूर्वी किती अर्ज आहेत, वर्षाला किती निकालात निघतात. सुरुवातीला सहकाऱ्यांनी कुरकूर केली, की यामुळे लोक चिडतील. काही चिडलेही. दोघांनी अर्ज मागे घेतला आणि दुसरीकडे प्रयत्न सुरू केले, असे मला कळले. परदेशी असलेल्या वाचकांनी आपल्या भावाबहिणीसाठी केलेली फाइल एकदा उघडून पाहावी आणि पोरांची वयं आजच मोजावीत, एवढीच विनंती.